पाठराखीण

तारखेच्या दिवशी मी घरून अर्धा तास आधी निघते. समाहून दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जायला एवढा वेळ लागत नाही. तो अर्धा तास नदीसाठी असतो. काळ्या घोड्याच्या पुलावर रिक्षा थांबवायची, कठड्याशी उभं राहायचं आणि खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर दिसते का ते बघायचं. थंडीच्या दिवसांत सकाळच्या उन्हाला एखादी पसरलेली असते, इतकी निश्चल की चिखलाचाच एक लांबट उंचवटा वाटावा. दिसली तर केवढी होती, तोंड उघडं होतं की मिटलेलं, जवळ बगळा होता का, सगळं लक्षात ठेवावं लागतं. कारण कोर्टाच्या बाकावर आईला चिकटून बसलेली एक मुलगी मला पाहताक्षणी विचारणार असते, “मासी, आजे मगर देखायो?”

गुजरातीत मगर पुल्लिंगी. आमच्याकडे ती बाई. यावरून आमचा पहिल्या दिवसापासून वाद आहे. “तुमच्या मराठीत सगळ्या मगरी बायकाच असतात का?” असं तिनं एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही, पण त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी आपण होऊन बोलली होती, म्हणून तो प्रश्न मी जपून ठेवला आहे.

तिचं नाव मी लिहिणार नाही. वय, शाळा, वस्ती, काहीच नाही. जे लिहिते आहे त्यातलेही बारकावे बदलले आहेत. तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि कायद्यानं तशी मनाई केली नसती तरी मी नाव लिहिलं नसतं. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ साली झालेल्या ज्या कायद्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात, त्याखाली तिचा खटला चालू आहे. बाल कल्याण समितीच्या एका आदेशानं मी तिची ‘सपोर्ट पर्सन’ आहे. कागदावर तसंच लिहिलेलं असतं, इंग्रजी शब्द गुजराती लिपीत. तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्या शब्दाला मराठीत काय म्हणावं याचा मी बराच वेळ विचार केला. सहायक म्हटलं की कचेरीतला माणूस डोळ्यांसमोर येतो. आधार म्हटलं की आता कार्डच आठवतं. मग एकदम आजीचा शब्द आठवला. पाठराखीण.

माझी आजी बडोद्यात आली ती नवरी म्हणून नव्हे. ती आली पाठराखीण म्हणून. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तिच्या थोरल्या चुलत बहिणीला बडोद्याच्या एका मराठी घरात दिलं. गायकवाडांचं राज्य, सयाजीराव महाराजांचा काळ. सरकारी नोकरीतला मुलगा म्हणजे मोठंच स्थळ. पण बडोदं म्हणजे परमुलूख. नवरी तेरा वर्षांची. तिच्यासोबत कुणाला तरी पाठवायचं तर घरातल्या बायका कुणीच मोकळ्या नव्हत्या, म्हणून नऊ वर्षांच्या आजीला पाठवलं. रीतीप्रमाणे ती महिनाभरात परत जायची होती. राहिली सहा महिने, आणि दोन वर्षांनी त्याच आळीत सून होऊन कायमची आली.

ते सहा महिने आजीनं मला इतक्यांदा सांगितले की ते मीच जगले आहे असं कधी कधी वाटतं. दांडिया बाजाराच्या बाजूचा वाडा. माजघरातला अंधार. सासूच्या बांगड्यांचा आवाज जवळ आला की बहिणीचे हात थरथरायचे आणि तिच्या पोळ्या वाकड्या व्हायच्या. आजीला स्वयंपाकघरात हात लावायची परवानगी नव्हती. पाठराखिणीनं काम करायचं नसतं, मध्ये बोलायचं नसतं, माहेरची फुशारकी मारायची नसते, आणि बहिणीच्या वतीनं उत्तर तर मुळीच द्यायचं नसतं. “मग तू करायचीस काय गं दिवसभर?” मी विचारायची. आजी म्हणायची, “बसायचे. ती जिथनं वर बघेल तिथनं मी दिसायला हवी, एवढंच बघायचे.”

एवढंच. पण ते ‘एवढंच’ करणं किती अवघड असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं.

या कामात मी ठरवून आले नाही. शाळेतून निवृत्त होण्याच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. आमच्या सोसायटीत भांडी घासायला येणारी खानदेशी बाई एका सकाळी कामाला आली ती कपाळावर टाके घेऊन. दुपारी दाराशी येऊन म्हणाली, “ताई, पोलिसात जायचंय. तुम्ही काही बोलू नका. नुसत्या बसा.” मी गेले आणि नुसती बसले. माझ्या तिथं असण्यानं नेमकं काय झालं ते मला दिसलं नाही. कुणी दम दिला नाही, कुणी हाकललं नाही, बाईचं म्हणणं लिहून घेतलं गेलं. परत येताना ती म्हणाली, मागच्या महिन्यात ती एकटी आली होती तेव्हा तिला तीन तास दाराबाहेर उभं ठेवलं होतं. माझ्या अंगावर धुतलेली साडी होती, डोळ्यांवर चष्मा होता, हातात पर्स होती. त्या पर्सची मला त्या दिवशी फार लाज वाटली. आणि हेही कळलं की ती पर्स कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसू शकते.

फौजदारी खटल्यात सगळ्यात एकटं कोण असतं? आरोपीला वकील असतो. ऐपत नसेल तर सरकार देतं, आणि ते द्यायलाच हवं. खटला चालवणारं सरकार, त्याचा सरकारी वकील. निकालपत्राच्या माथ्यावर ‘राज्य विरुद्ध अमुक’ असं लिहिलेलं असतं. ज्याच्या अंगावर घाव पडला त्याचं नाव त्या ओळीत नसतं. तो असतो साक्षीदार, एक नंबरचा किंवा चौथ्या नंबरचा. गुन्हा समाजाविरुद्ध झाला असं न्यायशास्त्र मानतं, आणि त्यामागचं शहाणपण मला मान्य आहे. नाहीतर न्याय म्हणजे दोन घरांमधली सुडाची देवघेव होऊन बसेल. पण त्या व्यवस्थेत जिच्यावर बेतली तिला बसायला जागा उरली नाही. ‘पीडित’ कोण याची व्याख्यासुद्धा आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ च्या अखेरीपर्यंत नव्हती. ती आली तेव्हा तिच्यासोबत आपल्या पसंतीचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देण्याची मुभा आली, आरोपी सुटला तर अपील करण्याचा हक्क आला, नुकसानभरपाईची योजना आली. हे सगळं येईपर्यंत स्वातंत्र्याला साठ वर्षं उलटून गेली होती.

जुनं कोर्ट सूरसागरासमोर होतं, न्यायमंदिरात. २०१८ साली कामकाज दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं आणि न्यायमंदिर रिकामं झालं. माझ्या पिढीच्या बडोदेकरांना मात्र कोर्ट म्हटलं की तेच आठवतं, ते घुमट, त्या कमानी, बाहेरचा बाजाराचा गलका. १८९६ साली ते सुरू झालं. सयाजीरावांनी आपल्या पहिल्या राणीच्या, चिमणाबाईंच्या स्मरणार्थ ते बांधलं. आत दालनात चिमणाबाईंचा पुतळा. लहानपणी वडिलांबरोबर एकदा जमिनीच्या कामासाठी गेले असताना मी त्या पुतळ्यासमोर उभी राहून विचारलं होतं, ही बाई इथं एकटी का उभी आहे?

चिमणाबाई हे तिचं माहेरचं नावच नव्हतं. तंजावरहून आली तेव्हा ती लक्ष्मीबाई होती. ती तरुणपणीच गेली, आणि महाराजांनी दुसरं लग्न केलं तेव्हा देवासच्या घाटगे घराण्यातून आलेल्या गजराबाईंनाही तेच नाव मिळालं, चिमणाबाई. एकाच नावाच्या दोन राण्या. आमच्या घरांत तर ही रीतच होती. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि उद्यापासून हाक मारली की वळून बघायचं. आजीला विचारलं होतं, तुझं पहिलं नाव काय गं? तिनं ते सांगितलं, पण सांगायच्या आधी क्षणभर थांबली. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर यावं आणि चटकन आठवू नये तसं.

कोर्टाच्या कागदांत माझ्या मुलीलाही नाव नाही. ती ‘पीडिता’ आहे. या लपवण्यामागे माया आहे, हे मी जाणते. उद्या ती मोठी होईल, तिच्या नावाला हे चिकटू नये. तरीही महिनोन् महिने माणसं तिच्यासमोर तिच्याबद्दल ‘पीडिता’ म्हणून बोलत राहतात तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे. म्हणून भेटल्याबरोबर मी तिला नावानं हाक मारते, हळू, तिला आणि तिच्या आईलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आदेशात हे काम लिहिलेलं नाही. मी ते पहिलं काम मानते.

बाकीची कामं नियमांत आहेत. पोक्सोचे २०२० चे नियम सांगतात की तपासापासून खटल्यापर्यंत मुलाच्या सोबत राहायचं, पुढे काय होणार आहे ते त्याला त्याच्या भाषेत समजावायचं, जे कळेल ते गुपित ठेवायचं, खटला कुठवर आला ते घरच्यांना सांगत राहायचं. घरात धान्य नसेल, कपडे नसतील, गाडीभाडं नसेल तर त्यासाठी तातडीचे पैसे मागता येतात. अंतरिम भरपाईसाठी अर्ज करता येतो. आठवड्यात मिळायला हवेत असं नियमात असलेल्या पैशांसाठी एका प्रकरणात मी किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. पण प्रत्येक तारखेला त्या मुलीच्या आईचा एक रोज बुडतो, हे मात्र सांगायला हवं. ती चार घरी स्वयंपाक करते. तारीख पुढे पडली, इथल्या भाषेत ‘मुदत पडी’, की पाच मिनिटांत सगळे उठतात. बुडालेला रोज तिच्या एकटीच्या हिशेबात राहतो.

थांबणं हेच या कामातलं खरं काम. कोर्टाच्या व्हरांड्यातला वेळ घड्याळात बसत नाही. पुकार होईपर्यंत उठून जाता येत नाही, आणि पुकार केव्हा होईल ते पट्टेवाल्यालाही ठाऊक नसतं. बाकावर शेजारी कुणाच्या वाटणीचा दावा, कुणाचा अपघात, कुणी जामिनासाठी आलेला. कागदपत्रांच्या पिशव्या, डब्यातल्या थेपल्यांचा वास. आणि त्याच व्हरांड्यातून केव्हाही तो माणूस येऊ शकतो. कायदा सांगतो की साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडता कामा नये. पडदा लावा, काच लावा, दुसऱ्या खोलीतून दृकश्राव्य पद्धतीनं साक्ष घ्या. पण पाणी प्यायच्या नळाशी पडदा नसतो. म्हणून मी अशी बसते की तिची पाठ जिन्याकडे असावी आणि जिना मला दिसावा. त्याच्या घरचं कुणी वर येताना दिसलं की मी मगरींचा विषय काढते. ती आता हे ओळखते, असा मला संशय आहे. मी विनाकारण मगरीबद्दल बोलायला लागले की ती मागे वळून बघत नाही.

खटल्याबद्दल आम्ही कधीच बोलत नाही. काय घडलं ते मी तिला विचारलेलं नाही. एका दवाखान्यात तिला तेच तीन टेबलांवर तीनदा सांगावं लागलं होतं. चौथी मी झाले नाही. त्याहून मोठं कारण असं की तिचे शब्द तिचेच राहायला हवेत. काय बोलावं हे मी सुचवलं तर समोरचा वकील म्हणेल की ही पढवलेली आहे, आणि ते खरं असेल.

पाठराखणीला ही मर्यादा का हवी, ते बडोद्याला शिकवावं लागत नाही. १ मार्च २००२ च्या रात्री दंगलीत हनुमान टेकडीवरच्या बेस्ट बेकरीत १४ माणसं मारली गेली. जून २००३ मध्ये इथल्या जलदगती न्यायालयानं सगळ्या २१ आरोपींना सोडून दिलं, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले. बेकरीच्या घरातली मुख्य साक्षीदार, जेमतेम विशीतली मुलगी, तीही फिरली. मग तिनंच सांगितलं की भीतीपोटी खोटं बोलले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, नागरिकांची एक संघटना त्या मुलीच्या पाठीशी उभी राहिली, आणि १२ एप्रिल २००४ ला न्यायालयानं खटला पुन्हा चालवा, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात, असा हुकूम दिला.

बडोद्याहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी आम्हा मराठी घरांना माहेरची गाडी. लग्नाला, बाळंतपणाला, मर्तिकाला आम्ही तीच धरत आलो. त्या वर्षी या शहराचा एक खटला त्याच वाटेनं मुंबईला गेला, आणि त्याच्या मागोमाग भाजलेली, घाबरलेली माणसं. मला ते वाचताना एकच गोष्ट दिसत राहायची: अनोळखी शहर, अनोळखी भाषा, कोर्टाचा जिना, आणि साक्षीदाराच्या शेजारी कोण? मुंबईत ती मुख्य साक्षीदार पुन्हा फिरली. जे पाठीशी होते त्यांच्यावरच तिनं जबरदस्तीचा आरोप केला. तो आरोप चौकशीत टिकला नाही, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद सुनावली. त्याआधी २४ फेब्रुवारीला न्यायाधीश अभय ठिपसे यांनी ९ जणांना जन्मठेप दिली होती. जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं त्यातल्या चौघांची कायम ठेवली. ती टिकली बेकरीत काम करणाऱ्या, स्वतः जखमी झालेल्या कामगारांच्या साक्षीवर. ज्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रात आली नव्हती, ती माणसं बोलली आणि बोललेल्याला धरून राहिली.

त्या मुलीला झालेली शिक्षा चुकीची होती असं मी म्हणत नाही. शपथेवर खोटं बोलण्याची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि इथं ती मेलेल्यांच्या न्यायानं मोजली असती. तरी तिची आठवण मला सोडत नाही. विशीतल्या मुलीच्या खांद्यावर सगळ्या देशानं आपलं म्हणणं ठेवलं, दोन्हीकडच्यांनी. तिला पाठीराखे मिळाले, विरोधक मिळाले, कॅमेरे मिळाले. जिला तिच्या जिंकण्याहरण्यातून काही नको आहे अशी नऊ वर्षांची चुलत बहीण तिला मिळाली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. साक्षीदारांच्या संरक्षणाची देशव्यापी योजना सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली ती डिसेंबर २०१८ मध्ये. बेस्ट बेकरीनंतर सोळा वर्षांनी.

आणि माहिती मिळणं हाही सोबतीचाच भाग. २००२ च्याच दंगलीतला बिल्किस बानो यांचा खटलाही असाच मुंबईला गेला, २००८ मध्ये शिक्षा झाल्या, २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं त्या कायम केल्या. १५ ऑगस्ट २०२२ ला अकरा जणांना मुदतीआधी सोडलं तेव्हा तुमच्या सुरक्षिततेचं काय, हे बिल्किस यांना कुणीही विचारलं नव्हतं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला, तेव्हा असा निर्णय गुजरातचा नव्हेच, असं न्यायालयानं म्हटलं. जिच्यावर बेतली तिला आधी कळवायला हवं, हे आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतही थोडंफार आलं आहे: पोलिसांनी तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवायची. कळवणं म्हणजे एक निरोप, एक फोन. पण ज्या घरात महिनोन् महिने कुणी काही सांगत नाही, तिथं त्या एका फोननं रात्रीची झोप येते हे मी पाहिलं आहे.

महाराष्ट्रात ही वाट आधी मळली. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच बायका-मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, पोलिसांच्या छपराखाली, पण पोलीस नसलेल्या समाजसेविकांचा. त्यांचं टेबल तिथं असणं हीच मोठी गोष्ट होती. त्याच्या पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात तर १९७४ पासूनच शेजारपाजारची साधी माणसं चोरी किंवा मारहाण झालेल्या घरी जाऊन बसू लागली होती. जगभर सगळ्यांना एकच गोष्ट उशिरा सुचली. आपल्याकडे २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की मुलाला सपोर्ट पर्सन द्यायचा की नाही हे आईबापांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. अशी सोय आहे हेच मुळात त्यांना ठाऊक नसतं.

पण ही सोय फक्त मुलांसाठी, आणि फक्त या एका कायद्यापुरती. समाच्या शेजारीच हरणी. १८ जानेवारी २०२४ ला तिथल्या मोटनाथ तळ्यात शाळेची सहल घेऊन निघालेली बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून रुग्णवाहिका जात राहिल्या आणि सोसायटीतल्या बायका फाटकाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. कुणीच काही बोललं नाही. त्या मुलांचे आईबाप कायद्याच्या व्याख्येत पीडितच. त्यांनाही तारखा आहेत, चौकशी आहे, भरपाईचे कागद आहेत, वकिलांचे शब्द आहेत. त्यांच्या शेजारी बसायला कोणाला पाठवावं, हे कुठलाही नियम सांगत नाही. ज्या आईचं मूल पाण्यात गेलं तिनं कोर्टाच्या व्हरांड्यात एकटीनं का बसावं? मला हे पटत नाही, आणि जिथं संधी मिळेल तिथं मी हे बोलत राहणार आहे.

काळ्या घोड्याच्या पुलापाशी कमाटीबाग आहे. १९१७ साली बडोदे सरकारच्या नोकरीवर आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना पारशांच्या धर्मशाळेतून हाकललं गेलं, तेव्हा ते याच बागेत एका झाडाखाली येऊन बसले. परदेशात शिकून आलेला माणूस, दरबारचं नेमणूकपत्र असलेला, आणि सबंध शहरात त्यांना एक खोली द्यायला कुणी नाही. त्या दुपारी त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? पुलावर मगर दिसली नाही की माझी नजर त्या झाडांकडे जाते.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. समात तळमजले बुडाले, आमच्या गल्लीत मोटारी तरंगल्या, आणि मगरी खरोखरच रस्त्यांवर, अंगणांत आल्या. आमची तारीख त्याच आठवड्यात होती, तिच्या साक्षीची. आठ महिने ती ज्या दिवसाची वाट बघत होती तो दिवस पाण्यानं नेला. कोर्टानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, असं कायदा म्हणतो. पाणी ओसरल्यावर चिखल उपसता उपसता मी तिच्या आईला फोन केला. मुलगी फोनवर आली. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं, मगर तुमच्या घरात आली होती का? मी म्हटलं, घरात नाही, पण शेजारच्या गल्लीत होती म्हणतात. ती म्हणाली, मग ती आता परत कशी जाणार? तिला तिचं घर सापडेल का?

साक्ष झाली ती डिसेंबरात. बंद खोलीत. आरोपी पडद्याआड. मी आधीच शिरस्तेदारांना विनंती करून माझी खुर्ची थोडी डावीकडे सरकवून घेतली होती. ती जिथनं वर बघेल तिथनं. न्यायाधीशबाई स्वतः प्रश्न विचारत होत्या. पोक्सोत वकिलांनी मुलाला थेट विचारायचं नसतं, न्यायालयाकडे द्यायचं आणि न्यायालयानं विचारायचं. पहिला प्रश्न नेहमीचाच. तुझं नाव काय?

तिनं नाव सांगितलं. इतके महिने मी ज्या आवाजात घेत होते त्याहून कितीतरी मोठ्यानं.

मग शाळा कुठली, खरं म्हणजे काय आणि खोटं म्हणजे काय, असे चार प्रश्न. मग बाकीचं. ते मी इथं लिहिणार नाही. दीड तास. मध्ये दोनदा सुट्टी. बचावाकडून आलेल्या एका प्रश्नापाशी ती थांबली. खोलीतला पंखा तेवढा फिरत होता. तिनं वर बघितलं. मी तिथं होते. मान हलवायची नव्हती, हसायचं नव्हतं, डोळ्यांनीसुद्धा काही सांगायचं नव्हतं; चेहरा कोरा ठेवून तिच्याकडे बघत राहायचं होतं. आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही. आजीला वाड्यातल्या त्या अंधाऱ्या माजघरात नवव्या वर्षी हे कसं जमलं असेल, असं माझ्या मनात आलं. मुलीनं पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायली, खाली ठेवला, आणि उत्तर दिलं.

परतताना तिघी एकाच रिक्षात होतो. पुलावर तिनं रिक्षा थांबवायला लावली. आम्ही कठड्यापाशी उभ्या राहिलो. ऊन कललं होतं, काठ रिकामा होता, दोन बगळे तेवढे. बराच वेळ वाट बघितली. मगर आली नाही. मी तिला सांगितलं की पुढच्या तारखेला आता तुला यायचं नाही, तुझं काम झालं, पुढचं मोठी माणसं बघतील. मी जाईन आणि काय झालं ते तुला आणि आईला फोन करून सांगेन.

तिनं थोडा वेळ विचार केला.

“तो मगर कोण जोशे?”

मी बघेन, मी म्हटलं.